पाठमोरी माणसं

१

वद्य अष्टमीला तराणेकरांच्या घरी कुकर लवकर लागतो. सव्वासहाला तीन शिट्ट्या, साडेसहाला मधुकररावांचा चहा टेबलावर झाकून, आणि पावणेसातला कुसुम नानाखेड्याच्या बस स्टँडसमोरून ई-रिक्षा धरून नदीवर. गेली बारा वर्षं यात खंड नाही. मध्ये सिंहस्थ येऊन गेला, अर्धं शहर दोऱ्या लावून बंद झालं होतं, तरी ही बाई कुठल्या कुठल्या गल्ल्यांतून पोचलीच.

रामघाटावर ती जात नाही. तिथे हल्ली मेलं पाऊल ठेवायला जागा नसते. ती उतरते त्याच्या पुढे, रपटेपलीकडच्या लहान घाटावर. रपट म्हणजे तो बुटका पूल, पावसाळ्यात पहिल्यांदा बुडतो तो. तिथे ओंजळभर पाणी, चिमूटभर तीळ, दोन मिनिटं डोळे मिटून उभं राहणं, आणि मग बावीस पायऱ्या चढून वर. चढताना ती मागे वळून बघत नाही. एकदाही बघितलेलं नाही.

बारा वर्षांपूर्वी याच घाटावर तिच्या एकुलत्या एक लेकीचं, जयूचं, शेवटचं कार्य झालं होतं. एकोणीस वर्षांची होती पोर. एका सकाळी कॉलेजला म्हणून निघाली ती परतलीच नाही. चौथ्या दिवशी एका नावाड्याला रपटेखाली तिची ओढणी अडकलेली सापडली. दुसरं काही सापडलं नाही.

घरी परतली की कुसुम पाय धुते, भाजी टाकते. मधुकरराव पेपरातून डोकं वर काढत नाहीत. बँकेतून रिटायर झालेला माणूस, हिशेबी, अबोल. "आलीस?" एवढंच विचारतात. "आले," एवढंच ती सांगते. मग गॅस सिलिंडर, बीपीच्या गोळ्या, नळाचं पाणी. जयूचं नाव त्या घरात निघत नाही.

त्या अष्टमीला मात्र फाटकातच नंदा उभी होती. नंदा म्हणजे समोरची. पोटात गोष्ट राहील तर शपथ.

"अगं कुसुम, तू तर हिरोइन झालीस! टावर चौकात तुझे फोटो टांगलेत. एक-दोन नाही गं, पूरी दीवार!"

"माझे? काहीतरीच काय!"

"तुझेच. पाठीकडून काढलेत, पण ती हिरवी शाल मी ओळखणार नाही होय? मीच दिली होती तुला, आमच्या इशिताच्या लग्नात. जा, बघून तर ये. परवा बंद होतंय प्रदर्शन."

कुसुमला आधी हसू आलं. मग कुणीतरी आपल्याला न सांगता पाठीमागून बघत होतं, या विचारानं तिचा जीव उगाच घाबराघुबरा झाला.

२

टावर चौकात एका कापडाच्या दुकानावरच्या मजल्यावर ते प्रदर्शन होतं. दाराशी पाटी होती, 'लौटते लोग'. खाली बारीक अक्षरात, क्षिप्रेच्या घाटांवरून परतणारी माणसं, फोटो सौरभ किबे, इंदूर.

सकाळचे अकरा वाजले होते, हॉलमध्ये कुणी नव्हतं. खालून गाड्यांचे हॉर्न आणि कचोरीच्या तेलाचा वास येत होता. कुसुम चप्पल काढू की नको अशी क्षणभर घुटमळली आणि घालूनच आत गेली.

भिंतींवर सगळ्या पाठी. ओल्या धोतराची पाठ, टक्कल केलेल्या पोराची पाठ, डोक्यावर बोचकं घेतलेली राजस्थानी म्हातारी, रिकामी टोपली काखेत मारून चढणारी फुलवाली. कुणाचाही चेहरा नाही. नदी फोटोत जेमतेम खालच्या कडेला, कधी भरलेली, कधी हिरवट, कधी नुसता चिखल. कुसुम एकेका पाठीपुढे थांबत गेली. माणूस पाठमोरा झाला की किती केविलवाणा दिसतो, हे तिला ठाऊक नव्हतं.

शेवटच्या भिंतीवर ती स्वतः होती. अकरा फोटो, दर वर्षाचा एक, खाली सालं घातलेली. लाल काठाची साडी, मग खांद्यावरची हिरवी शाल, मग तीच शाल विटलेली. केस काळे, करडे, पांढरे. गेल्या दोन वर्षांत उजवा हात गुडघ्यावर. आपण एवढ्या वाकलोय हे आरशानं कधी सांगितलं नाही, असं तिच्या मनात आलं आणि ती थोडी चिडलीच.

मग तिला पावलं दिसली.

पहिल्या फोटोत खालून दुसऱ्या पायरीवर. कोरड्या दगडावर ओल्या पावलांचे दोन ठसे, बोटं वरच्या बाजूला, तिच्याकडे. असेल कुणाचं. घाट म्हटला की ओले पाय आलेच. पुढच्या वर्षी ठसे दोन पायऱ्या वर. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी वर. कुसुमनं पर्समधून चष्मा काढला, पदरानं पुसला, लावला. दर फोटोत ती वेगळ्या पायरीवर होती, कधी निम्म्यात, कधी टोकाशी, आणि ठसे दर वर्षी तिच्या जवळ आलेले. शेवटच्या फोटोत ते तिच्या टाचेच्या लगेच खालच्या पायरीवर होते. माणूस एवढ्या जवळ असेल तर त्याचा श्वास मानेला लागतो.

आणि ठसे सपाट होते. तळव्याला मधली खाच नसलेले, अख्खेच्या अख्खे.

जयूचे पाय सपाट होते. न्हाणीघरातून निघाली की फरशीवर असेच भरीव ठसे उमटायचे, आणि मधुकरराव ओरडायचे, "कुसुम, तुझं बदक आंघोळ करून आलं गं!" मग जयू मुद्दाम फताफत पाय आपटत घरभर फिरायची.

कुसुमनं भिंतीचा आधार घेतला. भिंत तेवढी कोरडी होती.

३

"काकू, तुम्हीच ना त्या?"

चाळिशीचा, दाढीवाला, गळ्यात कॅमेरा. हाच सौरभ किबे. त्यानं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि आनंदानं बोलतच सुटला. सगळे जण आरतीचे फोटो काढतात, उगवत्या सूर्याचे काढतात. आपण ठरवलं की नावेत बसायचं आणि जाणाऱ्यांचेच काढायचे. चेहरा आला की तो फोटो बाद. वर्षातून आठ-दहा वेळा येतो, आणि योगायोग असा की ही बाई दिसतेच. "शेकडो लोक बघितले काकू, पण सगळे एकदा तरी मागे वळतात. नदीकडे एक नजर टाकतातच. तुम्ही नाही वळत. का हो?"

कुसुमनं पाण्याचा ग्लास खाली ठेवला. काय सांगणार होती?

सांगण्यासारखं खूप होतं. ओढणी सापडली त्याच्या आधीच गावात कुजबुज सुरू झाली होती, की पोरगी कुणाबरोबर तरी पळाली. बँकेत, बाजारात, लग्नाच्या पंगतीत. मधुकररावांनी ओढणी बघितली आणि त्याच दिवशी गुरुजींना बोलावलं. देह मिळाला नाही की पळसाच्या पानांचा देह करतात. तीनशे साठ पानं मोजून रचली, दर्भानं बांधली, वर ओढणी घातली आणि त्या पानांच्या जयूला अग्नी दिला. मेली म्हटलं की लोकांची तोंडं बंद होतात. अशा कार्याला बायका घाटावर जात नाहीत, पण कुसुम हट्टानं गेली होती. परतताना गुरुजी म्हणाले, आता कुणी मागे बघायचं नाही.

आणि सातव्या-आठव्या पायरीवर तिला हाक ऐकू आली होती. "आई." रडून नाही, ओरडून नाही. न्हाणीघरातून टॉवेल मागताना मारतात तशी, साधी.

तिचा पाय थबकला होता. शेजारी चालणाऱ्या मधुकररावांनी तिचा खांदा घट्ट धरला आणि म्हणाले, "कुसुम, मागे बघू नकोस."

तिनं नाही बघितलं. गेलेल्या जिवाला त्रास होतो म्हणतात, अडकून पडतो. भास असेल, चार दिवसांचं जागरण होतं. ही गोष्ट तिनं कुणालाही सांगितली नाही, नवऱ्यालाही नाही. पण त्या दिवसापासून एकच प्रश्न तिच्या काळजात रुतून बसलाय: तेव्हा मागे कुणी होतं की नव्हतं? दर अष्टमीला ती जाते ती तीळ-पाणी द्यायला नाही, त्या हाकेसाठी जाते. आणि हाक आली नाही, वळलो आणि मागे नुसत्या पायऱ्या असल्या, तर काय करायचं, या भीतीनं ती वळत नाही.

"हे पाय कुणाचे?" शेवटी तिनं विचारलं.

सौरभचा चेहरा जरा उतरला. "तेच मला विचारायचं होतं. मला वाटायचं, कुणीतरी तुमच्या मागून आंघोळ करून येतं. पण हा बघा." त्यानं मधला एक फोटो दाखवला. त्यात नदी नव्हतीच. भेगाळलेला गाळ, उताणी पडलेली नाव, आणि पायऱ्यांवर चकाकणारे दोन ओले ठसे. "त्या वर्षी पार आटली होती. मी गाळात उभा राहून काढलाय हा. ओलं व्हायला पाणी आणायचं कुठून?"

"कुणी बाटली सांडली असेल," कुसुम म्हणाली.

"हो, तसंच असेल," तो लगेच म्हणाला. दोघांनाही ते पटलं नव्हतं.

४

निघता निघता ती थांबली. "अकराच का? बारा वर्षं झाली."

"बारावा आहे की. म्हणजे खरं तर पहिला तोच. नवी लेन्स घेतली होती, पहिलाच दिवस. पण लावला नाही, बिघडलाय तो." त्यानं टेबलावरचा लॅपटॉप उघडला. "एकाचा चेहरा आलाय बघा, आणि खाली कुणाचे तरी अर्धेच पाय."

स्क्रीनवर बारा वर्षांपूर्वीची ती सकाळ उजाडली.

सर्वांत पुढे गुरुजी. त्यांच्यामागे तिचे थोरले दीर, डोक्यावर टॉवेल. मग ती स्वतः, लाल काठाची साडी, मान ताठ, कुणी खिळा ठोकल्यासारखी. तिच्या खांद्यावर मधुकररावांचा हात. आणि मधुकररावांचा चेहरा.

ते वळले होते. तिला धरून ठेवून स्वतः वळले होते आणि खाली बघत होते. दुसरा हात कमरेपाशी, पंजा उघडा, बाहेरच्या बाजूला झटकलेला. दारातलं कुत्रं हाकलताना करतात तसा.

"मोठा कर," कुसुम म्हणाली. "खालचं."

फोटोच्या खालच्या कडेला दोन पाय होते, घोट्यांपर्यंतच. पायांत चपला. डाव्या चपलेचा पट्टा पिवळ्या दोऱ्यानं शिवलेला. तो दोरा कुसुमनंच घातला होता, काळा संपला होता म्हणून, आणि जयू दोन दिवस रुसली होती. चपलांशेजारी पायरीवर कॉलेजची बॅग टेकवलेली.

दगड कोरडा होता. पाय कोरडे होते. धूळ लागलेले, लांबून चालत आलेले पाय.

कुसुमच्या तोंडून कसलातरी आवाज निघाला. सौरभ घाबरला, "काकू, काकू, बसा," म्हणाला. पण ती बसली नाही. बारा वर्षं तिला वाटत होतं, मेलेल्या पोरीनं हाक मारली असेल. जिवंत पोरीनं मारली असेल, हे तिच्या मनाला एकदाही शिवलं नव्हतं.

५

ई-रिक्षात ती एकटीच होती. पुढे बघत बसली. दुकानं जात होती, सिग्नल लागत होते, कुणीतरी लग्नाचा बँड वाजवत होतं, भर दुपारी. ऊन एवढं कडक की रस्ता पांढरा दिसत होता.

ती मनाशी जुळवत होती. फोटो जुना, स्क्रीन लहान, आपला चष्मा बदलायला झालाय. पिवळा दोरा काय जगात एकाच चपलेला असतो? सगळं पटण्यासारखं होतं. फक्त नवऱ्याचा तो झटकलेला हात कशातच बसत नव्हता.

रिक्षावाल्यानं आरशात बघितलं, मग पुन्हा बघितलं.

"माताजी, पानी की बोतल खुली है क्या आपकी?"

"नहीं भैया. क्यों?"

"पीछेवाली सीट पूरी गीली हो गई है।"

या रिक्षांना मागे तोंड करून बसायची एक सीट असते. ती नेमकी कुसुमच्या पाठीशी होती. तिची पाठ गार पडली. पाठीला पाठ लावून कुणी बसलं की जाणवतं तसं काहीतरी तिला जाणवलं, अगदी हलकंसं. जयू लहान असताना अशीच पाठीला पाठ टेकून अभ्यास करायची.

कुसुम वळली नाही. पण पहिल्यांदाच ती भीतीनं थांबली नव्हती. रस्त्यात नको, असं तिनं ठरवलं. घरी जाऊ दे.

"चलो भैया," ती म्हणाली, आणि अगदी हळू, मराठीत, "नीट धरून बस गं."

फाटक तिनं उघडं ठेवलं. घराचं दारही लोटलं नाही. मागे जिन्याच्या तीन पायऱ्यांवर फत, फत, फत, असा आवाज आला. ओल्या, सपाट तळव्यांचा. मग थांबला.

६

मधुकरराव जेवायला बसायच्या बेतात होते. ती स्वयंपाकघरात गेली आणि तीन ताटं वाढली. वरणभात, गवारीची भाजी, लिंबाची फोड. दोन ताटं टेबलावर, तिसरं मागे बैठकीच्या दाराशी फरशीवर, पाटासमोर. मग दाराकडे पाठ करून ती नवऱ्यासमोर बसली.

"हे काय? कुणी यायचंय?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही वळला होतात," कुसुम म्हणाली.

त्यांचा घास हातातच राहिला. "कधी?" असंसुद्धा त्यांनी विचारलं नाही, आणि तिथेच तिला सगळं कळलं.

"जिवंत होती?"

हातातला घास पुन्हा ताटात गेला. मग त्यांनी मान हलवली. हो.

"आणि तुम्ही तिला हाकललंत."

"हाकललं नाही गं. आत्ता नको, एवढंच..." त्यांचा आवाज फाटला. "सगळे समोर होते, कुसुम. दादा होता, गुरुजी होते. आत्ताच अग्नी देऊन उठलो होतो आपण. लोकांना काय सांगणार होतो? मला वाटलं, संध्याकाळी येईल घरी. मागच्या दारानं येईल, मग बघू काय ते. मी दाराला कडी लावली नव्हती त्या रात्री. दुसऱ्या रात्रीही नाही. आठवतं? तू ओरडली होतीस, मांजर येतं म्हणून."

तिला आठवलं. तिनंच उठून लावली होती ती कडी.

"माझी पोर," कुसुम म्हणाली, "स्वतःला जळताना बघून, आईला हाक मारून, आईची पाठ बघून परत गेली." तिला रडायचं होतं, पण रडू कुठेतरी फार खोल राहिलं होतं. "कुठे गेली हो ती तिथून? घाटावरून खाली कुठे जातं माणूस?"

मधुकररावांनी तोंड ओंजळीत झाकलं. बारा वर्षांत पहिल्यांदा तो माणूस रडला, हुंदके देऊन, उष्ट्या हातांनी. तिला त्याची कीव आली नाही. दर अष्टमीला ह्यांचा चहा आपण झाकून जात होतो, एवढंच तिला परत परत आठवत होतं.

तेव्हा मागे ताट सरकलं. स्टीलचं ताट फरशीवर सरकतं तसा खर्रकन आवाज.

मधुकररावांनी हात खाली घेतले. त्यांची नजर कुसुमच्या खांद्यावरून मागे गेली. आधी खाली, फरशीवर. मग हळूहळू वर. उभ्या माणसाच्या चेहऱ्याइतकी वर. त्यांच्या तोंडावरचं रक्त उतरलं. आणि भाताची शितं लागलेला त्यांचा उजवा हात आपोआप उठू लागला, पंजा उघडा, बाहेरच्या बाजूला.

कुसुमनं तो हात मनगटाशी पकडला आणि ताटात दाबून धरला.

"कुसुम," ते पुटपुटले, "मागे बघू नकोस."

"आई," मागून हाक आली. रडून नाही, ओरडून नाही. टॉवेल मागताना मारतात तशी, साधी.

"आले गं, बाळा," कुसुम म्हणाली, आणि वळली.